गोष्ट खोटी असते काय?

(संस्थेच्या वार्षिक समारंभानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे विस्तारून.)



दरवर्षी या व्यासपीठावरून अभ्यास, परीक्षा, शिस्त आणि शिक्षणाचे महत्त्व या विषयांवर बोलले जाते. ते आवश्यकच आहे. परंतु यंदा मला बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा मी एक वेगळा विषय मागून घेतला. राजा, परी, राक्षस, उडता गालिचा, बोलणारा पोपट यांच्या गोष्टींना मराठीत अद्भुतकथा म्हणतात, उर्दूत दास्तान म्हणतात. अशा गोष्टी रचणे ही कला आहे की नुसती थापेबाजी, आणि आपल्या मुलांनी त्या वाचाव्यात की नाही, हा तो विषय होय.

विषय सुचण्याला दोन प्रसंग कारणीभूत झाले. पहिला असा. एका विद्यार्थ्याने ग्रंथालयातून अशा गोष्टींचे एक पुस्तक घरी नेले. दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील ते पुस्तक हातात घेऊन शाळेत आले. अतिशय सज्जन गृहस्थ. आवाज न चढविता ते मला म्हणाले, "सर, आम्ही घरी पोरांना रोज सांगतो की खोटं बोलू नका. आणि शाळा त्यांना खोट्याचंच पुस्तक वाचायला देते. आम्ही पोराला काय समजवावं?" मी त्यांना बसविले, चहा दिला आणि काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न प्रामाणिक होता. त्याला प्रामाणिक उत्तर देणे माझ्यावर बाकी राहिले.

दुसरा प्रसंग सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण त्यात चूक माझी आहे. नववीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, 'रेल्वे स्थानकावरील बाकाचे मनोगत'. बहुतेक मुलांनी मार्गदर्शकातल्या धर्तीवर लिहिले. एका मुलीने मात्र लिहिले की शेवटची गाडी गेल्यावर, रात्री सारे सामसूम झाले म्हणजे, हा बाक उठून चालू लागतो. मी तिथेच लाल शाईने रेघ मारली आणि समासात शेरा लिहिला, "अतिरंजित. बाक चालत नाही." वह्या परत दिल्यावर ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बाक बोलतो ते चालतं, मग बाक चालतो ते का चालत नाही?"

वर्ग हसला. मी तिला खाली बस म्हणालो. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मित्रांनो, मी मराठी विषय शिकवतो. बोलणारी नदी, रडणारे फाटके पुस्तक, तक्रार करणारा रस्ता, 'सूर्य उगवला नाही तर', 'पाऊस पडलाच नाही तर' असे विषय आम्हीच प्रश्नपत्रिकेत घालतो आणि त्यांना गुण देतो. ज्या घरात गोष्टीचे पुस्तक वर्ज्य असते त्याच घरात मूल परीक्षेच्या आदल्या रात्री फाटक्या पुस्तकाचे मनोगत तोंडपाठ करीत असते आणि आई-वडील कौतुकाने ऐकतात. म्हणजे अद्भुताचे आपल्याला वावडे नाही. कोणत्या अद्भुताला होकार द्यायचा आणि कोणत्याला नकार, एवढाच आपला प्रश्न आहे. तो होकार-नकार ज्यावर ठरतो त्याला साहित्यात 'संकेत' म्हणतात. संकेत म्हणजे सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये झालेला, बहुधा न बोलता झालेला, करार.

हा शब्द अवघड वाटत असेल तर आपल्या नवापूरच्या स्टेशनवर चला. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्टेशन जुने आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये वेगळी झाली आणि त्यांची सीमा नेमकी या स्टेशनातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. फलाटावर एक बाक आहे, ज्याच्या अर्ध्या भागावर महाराष्ट्र आणि अर्ध्या भागावर गुजरात असे रंगविले आहे. बाहेरगावचे लोक त्यावर बसून हौसेने फोटो काढतात.

आता त्या बाकाचे लोखंड तपासून पाहा. मराठी लोखंड कुठे संपते आणि गुजराती लोखंड कुठे सुरू होते ते कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता येणार नाही. जमिनीवरही ती रेषा उगवलेली नाही. माणसांनी ती ठरविली. मग ती खोटी आहे काय? त्या रेषेच्या एका बाजूला दारूबंदीचा कायदा आहे, दुसऱ्या बाजूला तसा नाही. एका बाजूचा गुन्हा या पोलीस ठाण्याकडे, दुसऱ्या बाजूचा त्या. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोवर आपण धुळे जिल्ह्यात होतो. गाव एक इंचही हलले नाही, परंतु आपला पत्ता बदलला आणि सरकारी कामांची वाट बदलली. सर्वांनी मिळून मानलेली गोष्ट अशी काम करते. ती लोखंडासारखी खरी नसते, पण थापेसारखी खोटीही नसते.

कथेतला संकेत याच जातीचा आहे, आणि त्यात पहिली खबरदारी घेतलेली असते ती दारातच. आपल्या आजीने गोष्ट सुरू केली म्हणजे ती आधी 'आटपाट नगर' म्हणे. हे नगर कोणत्याही नकाशात नाही आणि ऐकणाऱ्या नातवालाही ते ठाऊक असते. फारसीत गोष्ट सुरू करताना 'यकी बूद, यकी नबूद' म्हणण्याची पद्धत आहे. एक होता आणि एक नव्हता, असा त्याचा अर्थ. किती प्रामाणिक सुरुवात आहे पाहा! सांगणारा पहिल्याच श्वासात कबूल करतो की मी जे सांगणार ते होते आणि नव्हतेही. हा कथेचा उंबरठा. तो ओलांडताना ऐकणाऱ्याला कळते की आता आपण कोर्टात नाही, बाजारात नाही, गोष्टीत आहोत. आपल्या शेजारच्या डांगात कोकणा बांधव भवाडा करतात. मुखवटा घातलेला माणूस आपल्याच पाड्यातला आहे हे बघणाऱ्यांना माहीत असते. तरी मुखवटा चढला की त्याच्याशी वागण्याची रीत बदलते आणि उतरला की पुन्हा पूर्वीची होते. त्यात कोणी कोणाला फसवीत नाही.

त्या पालकांना मी त्या दिवशी हे सांगायला हवे होते. खोटे बोलणारा माणूस उंबरठा लपवितो. तो कल्पित गोष्ट खरी म्हणून आपल्या हातात ठेवतो. गोष्ट सांगणारा उंबरठा दाखवितो आणि मगच आत नेतो.

उंबरठा ओलांडल्यावर आत काय असते? पुष्कळांची अशी समजूत आहे की अद्भुतकथेत काहीही चालते, लेखणी मोकाट सोडली की झाले. वास्तविक गोष्ट उलट आहे. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या उर्दू दास्तानांत सापडते.

अमीर हमजाची दास्तान आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेली आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हजरत हमजा (रजि.) यांचे चरित्र इतिहासात आहे. इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. दास्तानमधला अमीर हमजा कोहकाफात जातो, देवांशी लढतो, पऱ्यांच्या दरबारात बसतो. तो कथेतला वीर आहे, आणि हा फरक मुलांना सांगणे आपले कर्तव्य आहे. ही दास्तान बादशहा अकबराला इतकी आवडे की त्याने तिची चित्रे काढवून घेतली. सुमारे १५६२ पासून पंधरा वर्षे हे काम चालले. कापडावर रंगविलेली, दोन फुटांहून उंच अशी सुमारे १४०० चित्रे तयार झाली. एका बाजूला चित्र आणि मागे मजकूर, म्हणजे दरबारात चित्र धरावे आणि गोष्ट ऐकवावी. आज त्यांतली दोनशेसुद्धा उरलेली नाहीत आणि जी आहेत ती बहुतेक परदेशच्या संग्रहालयांत आहेत. पुढे लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने या दास्तानचे ४६ जाडजूड खंड उर्दूत छापले. त्यांतला प्रसिद्ध भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा' १८८३ ते १८९३ या काळात निघाला. मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर हे त्याचे लेखक. मिर्झा गालिब यांच्यासारखा कवी पावसाळ्याच्या दिवसांत दास्तान हाती लागल्याचा आनंद मित्राला पत्रातून कळवितो. अशी ही वाचनीय वस्तू होती.

या दास्तानांत रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी अशी चार अंगे मानतात. रज्म म्हणजे लढाई, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे जादूगाराने उभारलेली मायावी नगरी आणि अय्यारी म्हणजे वेषांतर व युक्ती. आता त्यांतले नियम पाहा. तिलिस्म कितीही भयंकर असला तरी तो फोडण्याची रीत सांगणारी एक पाटी असते. तिला लौह म्हणतात. ती पाटी मिळाल्यावाचून तिलिस्म फुटत नाही, आणि तो कोणाच्याही हातून फुटत नाही. ज्याच्या नशिबी ते लिहिलेले असते त्याच्याच हातून फुटतो. जादूगार मेला की वादळ उठते, अंधार होतो आणि आवाज येतो की मला मारले, माझे नाव अमुक होते. अमीर हमजा स्वतः जादू करीत नाही, तो इस्म-ए-आजमच्या आधाराने जादू निष्फळ करतो. त्याचा सोबती अम्र अय्यार याच्याजवळ जंबील नावाची झोळी आहे. तिच्यात सारी दुनिया मावते. परंतु झोळीचा धनी इतका चिकट की त्याच्याकडून एक पैसा सुटायचा नाही! म्हणजे अमर्याद झोळीलाही कथाकाराने मर्यादा घातली, ती माणसाच्या स्वभावाची.

हे नियम कशासाठी? कल्पना करा की नायक संकटात सापडला आणि त्याने नुसती टिचकी वाजविताच संकट नाहीसे झाले. पुन्हा संकट, पुन्हा टिचकी. तिसऱ्या टिचकीला ऐकणारा उठून घरी जाईल. जिथे काहीही घडू शकते तिथे कशाचीच काळजी वाटत नाही. क्रिकेटमध्ये बाद होण्याचा नियमच काढून टाकला तर प्रत्येक जण शतक करील आणि कोणी टाळी वाजविणार नाही. म्हणून अद्भुतकथेचा लेखक वाचकाकडून एक अशक्य गोष्ट उसनी मागतो. ती एकदा मिळाली की पुढे प्रत्येक पाऊल त्याला हिशेबाने टाकावे लागते. इंग्रजी लेखक टोल्किन यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्याख्यानात याच मुद्द्यावर भर दिला होता. त्यांचे म्हणणे असे की हिरवा सूर्य असे शब्द कोणीही उच्चारील. परंतु ज्या जगात हिरवा सूर्य पटेल असे जग उभे करणे हे फार मेहनतीचे आणि कौशल्याचे काम आहे. आमच्या लखनौच्या दास्तानगोंनी ही मेहनत त्याच्या किती आधी करून ठेवली होती!

संकेत एकदा ठरले म्हणजे ते कायमचे राहतात असेही नाही. काळ बदलतो तसे तेही बदलतात. काशीकडचे देवकीनंदन खत्री यांनी १८८८ मध्ये 'चंद्रकांता' ही हिंदी कादंबरी लिहिली. तिलिस्म आणि अय्यार हे दोन्ही त्यांनी दास्तानांतून उचलले, परंतु जादू काढून टाकली. त्यांच्या तिलिस्मात कळा, यंत्रे, गुप्त दारे आणि भुयारे आहेत. शाळा-कॉलेजात विज्ञान शिकू लागलेल्या वाचकाशी त्यांनी नवा करार केला. ही कादंबरी वाचता यावी म्हणून लोक नागरी लिपी शिकले असे सांगतात. १९९४ मध्ये तिच्यावरची मालिका दूरदर्शनवर लागली. माझ्या वयाच्या मंडळींना शेजाऱ्यांच्या घरी जमून ती पाहिल्याचे आठवत असेल.

मराठीतही हेच घडले. अरबी रात्रींच्या गोष्टी मराठीत आणण्याचे काम कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात हाती घेतले आणि 'सुरस आणि चमत्कारिक' हे शब्द मराठीत कायमचे रुळले. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' ही कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळेपणी सांगितले आहे की आपल्या लोकांच्या रोजच्या जीवनात मनोवेधक असे काही नाही, तेव्हा रंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताकडेच वळावे लागते. पुढे हरि नारायण आपट्यांनी त्याच रोजच्या जीवनातून मोठ्या कादंबऱ्या लिहून दाखविल्या. रिसबुडांचे ते मत तिथे मागे पडले. पण अद्भुताची वाट बंद झाली नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे दुसरे कोणी नसून जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर होते. नावामुळे परीक्षक भारावू नयेत म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले. २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. आकाशाचे गणित मांडणाऱ्या माणसाला कल्पित कथा लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. फक्त त्यांच्या कथेचा करार वेगळा होता. तिथे परीच्या कांडीऐवजी विज्ञानाचा नियम होता, आणि तो मोडायचा नाही ही अट होती.

आजची मुले हॅरी पॉटर वाचतात. मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ चे. मराठीत त्याच्या पहिल्या भागाचे नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे झाले. पाहा, विलायतेतला जादूचा दगड मराठीत आला आणि परीस झाला! लोखंडाचे सोने करणारा परीस आपल्या वाचकाला शेकडो वर्षे ठाऊक आहे. जुना संकेत नव्या पाहुण्याला असा उपयोगी पडतो.

काही पालक म्हणतील, हे सारे ठीक, परंतु आपल्या परंपरेत असल्या गोष्टींना स्थान आहे काय? मी आलीम नाही. दीनच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार उलेमांचा. मी मराठीचा शिक्षक म्हणून साहित्याच्या इतिहासातले दोन दाखले तेवढे देतो. आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे इराणमार्गे अरबस्तानात गेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी त्यांची कथा अरबीत आणली, तीच 'कलीला व दिम्ना'. अरबी गद्याचा तो एक आदर्श मानला जातो. त्यात सिंह, बैल आणि कोल्हे बोलतात. म्हणून कोणा अरब विद्वानाने मुकफ्फांना खोटारडे ठरविले नाही. कोल्ह्याच्या तोंडून राजनीती ऐकायची आहे हे त्यांना उंबरठ्यावरच कळले होते. दुसरा दाखला दहाव्या शतकातल्या बसऱ्याचा. तिथे इख्वान अस-सफा या नावाने विद्वानांची एक मंडळी लिहीत असे. त्यांच्या एका ग्रंथात जनावरे माणसाविरुद्ध फिर्याद घेऊन जिनांच्या बादशहापुढे उभी राहतात. आमच्यावर ओझी लादण्याचा, आम्हाला राबविण्याचा हक्क तुला कोणी दिला, असे ती माणसाला विचारतात. हा प्रश्न बैलाने विचारल्याशिवाय माणूस स्वतःला कधी विचारील काय? अद्भुताचा उपयोग इथे दिसतो. जे समोर असूनही आपल्याला दिसत नाही, ते दाखविण्यासाठी कधी कधी बैलाला वाचा द्यावी लागते.

आता मी जरा गंभीर गोष्टीकडे येतो. आपल्या शेजारच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, तिथे भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. त्यांचा अपराध काहीच नव्हता. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होती.

मित्रांनो, मुले पळवून नेणारा झोळीवाला ही किती जुनी गोष्ट आहे! आपल्या सर्वांच्या आईने ती आपल्याला झोपविण्यासाठी सांगितली असेल. त्या गोष्टीत झोळीवाला आईच्या मांडीपाशी येऊन संपत असे. तीच गोष्ट मोबाईलवर आली तेव्हा तिच्या दारात 'आटपाट नगर' नव्हते. उंबरठा पुसलेला होता. खरी बातमी म्हणून ती आली आणि पाच निरपराध माणसे गेली. त्यांच्याही घरी मुले होती.

त्या सज्जन पालकांना माझे उत्तर आता मी देतो. भाईसाहेब, मुलाला खोट्यापासून वाचवावे ही आपली तळमळ अगदी खरी आहे. परंतु त्याच्याजवळून गोष्टीचे पुस्तक काढून घेतल्याने ते साधणार नाही. ज्या मुलाने शंभर गोष्टी वाचल्या आहेत त्याला कथेचा वास येतो. राक्षस कसा रंगवितात, भीती पायरीपायरीने कशी वाढवितात, ऐकणाऱ्याला कुठे गाफील करतात, हे सारे तो जाणतो. उद्या त्याच्या मोबाईलवर एखादी भयंकर बातमी आली तर तो विचारील की ही कोण सांगतो, कुठे घडली, कोणी पाहिली. की ही उंबरठा पुसलेली गोष्ट आहे? ज्याने एकही गोष्ट वाचलेली नाही त्याला हे विचारायचे सुचणार कसे?

शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. बाक बोलतो ते चालते, मग चालतो ते का चालत नाही? याचे साधे उत्तर असे की मनोगताच्या संकेतात वस्तूला वाचा मिळते, बाकी ती वस्तूच राहते. बाक जर मनाला येईल तिथे चालू लागला तर जाणाऱ्या गाड्या नुसत्या पाहत राहण्याचे त्याचे दुःख उरणार नाही, आणि मग त्याने बोलावे तरी कशाला? हे उत्तर मी त्या वेळी दिले असते तर ते शास्त्राला धरून झाले असते. परंतु पुरते बरोबर झाले नसते.

कारण त्यानंतरच्या परीक्षेत त्या मुलीने मार्गदर्शकातला निबंध शब्दशः उतरवून काढला. एकही चूक नव्हती. मी तिला वर्गात सर्वाधिक गुण दिले. तिच्या वडिलांनी आनंदाने माझे आभार मानले. वर्ष संपल्यावर कपाट आवरताना तिची जुनी निबंधाची वही माझ्या हाती आली. तो निबंध मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. तिने लिहिले होते की रात्री बाक उठतो. त्याच्या गुजरातच्या अर्ध्याला सुरतेकडे जायचे असते, कारण गावची माणसे कामासाठी तिकडे गेली आहेत. महाराष्ट्राच्या अर्ध्याला भुसावळकडे जायचे असते. दोघे रात्रभर आपापल्या बाजूला ओढतात. सकाळी पहिली गाडी येते तेव्हा बाक होता तिथेच असतो, फक्त फरशीवर पायांचे ओरखडे असतात. लोक म्हणतात, फरशी जुनी झाली.

म्हणजे तिचा बाक कुठे गेलाच नव्हता. तिने एक अशक्य गोष्ट मागितली होती आणि तिचा हिशेब अखेरपर्यंत चोख ठेवला होता. संकेत तिने पाळला होता. मोडला होता मी, कारण निबंध पुरता वाचायचा हा शिक्षकाचा करार असतो.

तिला बोलावून मी तिची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "जाऊ द्या सर, गाईडमधला लिहिला की मार्क मिळतात." ते वाक्य मला फार लागले. आपण मुलांना खोटे बोलू नका असे शिकवितो, आणि दुसऱ्याचा निबंध आपला म्हणून लिहिला तर त्यांना शाबासकी देतो. भाईसाहेब, खोटे असेल तर ते इथे आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. संस्थेला विनंती अशी की ग्रंथालयात एक कपाट अद्भुतकथांसाठी ठेवावे, मराठी आणि उर्दू दोन्हींचे. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले आणि ती कला अस्तास गेली असे सारे म्हणत होते. परंतु शम्सुर्रहमान फारुकी यांच्या अभ्यासाच्या आधाराने २००५ मध्ये महमूद फारुकी यांनी ती पुन्हा रंगमंचावर आणली. संमेलनात आपल्या मुलांनी एखादी दास्तान सांगितली तर काय बिघडेल? पालकांना विनंती अशी की आठवड्यातून एक रात्र मोबाईल बाजूला ठेवून मुलाला एक गोष्ट सांगा, आणि आजी-आजोबा असतील तर त्यांना सांगू द्या. सुरुवात उंबरठ्यावरून करा, म्हणजे मुलाला कळेल की आपण कुठे शिरत आहोत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला विनंती अशी की तुमचा बाक तुमच्याच मनाने लिहा. तो बोलो, चालो, उडो, हरकत नाही. फक्त एकदा जो नियम घालाल तो शेवटपर्यंत पाळा. मीही माझा पाळीन. लाल पेन उघडण्यापूर्वी शेवटची ओळ वाचीन.